चोपदाराच्या श्वासाची फिर्याद

श्रीगणराज प्रसन्न. शारदेनें लेखणीच्या टोकीं बैसावें, असत्य अक्षर उमटूं लागतां शाई सुकवावी, आणि ज्याचें जें यश तें त्याच्याच पदरीं घालावें, इतकें मागून हकीकत लिहिली जाते ती येणेंप्रमाणें. शके सोळाशें सत्यायशीं, पार्थिव नाम संवत्सर, ते काळीं राज्य बहुत भरभराटीस आलें होतें, आणि राजधानी डोंगराच्या रुंद माथ्यावर वसली होती, आणि दरबाराचा थाट ऐसा कीं परमुलखींचे वकील येत ते परत जाऊन आपल्या धन्यांस पहिली गोष्ट सांगत ती तोफांची नव्हे, हत्तींची नव्हे, तर सुभानजी चोपदाराच्या ललकारीची सांगत. महाराज सिंहासनाकडे येऊं लागले म्हणजे सुभानजी चांदीचा चोप टेकून उभा राही, आणि छाती भरून महाराजांचीं सर्व बिरुदें एका दमांत म्हणे, मध्यें श्वास घेत नसे, आणि शेवटचा सूर दरबाराच्या छताला लागून खालीं येई तोंवर कोणी पापणी हालवीत नसे. त्याचा बाप चोपदार, आजा चोपदार, परंतु ऐसा दम घराण्यांत कोणास नव्हता. त्याची बायको दर्याबाई. बाई उंच, रंगानें सांवळी, जिभेची धारदार, आणि नवऱ्याच्या ललकारीचा तिला इतका अभिमान कीं दरबाराच्या दिवशीं ती चूल सोडून वाड्यामागें भिंतीशीं उभी राही, आणि शेवटचा सूर ऐकला म्हणजेच घरीं जाऊन भाकरी थापी.

मग युवराजांचें लग्न निघालें. वऱ्हाड मोठें, चाकरमाणसें वाड्याजवळ पाहिजेत, आणि घरें तर नाहींत, म्हणोन महाराजांनीं चिंतोपंतांस आज्ञा केली. हे चिंतोपंत इमारतखान्याचे मुख्य. त्यांनीं सात किल्ल्यांचे तट उभे केले होते, नदीवर पूल घातला होता तो महापुरांत हालला नाहीं, आणि त्यांचा शब्द असा कीं चुना आपलें ऐकतो. पंतांनीं वाड्यामागील जुनें तळें माती-दगडानें बुजविलें, आणि लग्नाच्या आंत त्यावर आणि त्यालगतच्या खडकावर अशा दोन ओळींनीं घरें बांधून काढिलीं, पांढरीशुभ्र गिलाव्याचीं, कौलारू, खिडक्यांस गज. त्या वस्तीस नवी आळी नांव पडलें. महाराज स्वतः पाहावयास आले आणि खुष जाहले, आणि ज्यांचा मान मोठा त्यांस तळ्याकडली ओळ दिली, कारण तिकडून वाडा समोर दिसे. सुभानजीस त्या ओळींतलें पहिलें घर मिळालें. दर्याबाईनें उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलें आणि शेजारच्या, नगारखान्यांतल्या नगारजीच्या आईस म्हणाली, "मावशी, सात पिढ्यांत आपल्याला असें घर मिळालें नव्हतें." म्हातारी म्हणाली, "देवानें दिलें, राजानें दिलें. आतां येथूनच हाडें जावीं." तिचें बोलणें ऐसें खरें होईल हें कोणाच्या मनांत नव्हतें.

पाऊसकाळ लागला आणि तळ्याकडल्या ओळीच्या भिंती घामेजल्या. आधीं गिलाव्यावर पोपडे आले, मग कोपऱ्यांत हिरवट डाग आले, आणि मग काळी बुरशी उठली ती जमिनीपासून हातभर, पुढें कमरेइतकी, पुढें पुरुषभर. दर्याबाईनें ती काथ्यानें घासली, चुना फांसला, धूप जाळला, निखारे ठेविले. आठवडा जाई आणि बुरशी पुन्हा तेथेंच दिसे. धान्य कुबटलें, कपडे कुबटले, देव्हाऱ्यांतला कापूससुद्धां कुबटला. आणि सुभानजीस खोकला लागला. आधीं पहाटे लागे, मग दिवसभर लागूं लागला, मग छातींत घरघर होऊं लागली, आणि तो निजला म्हणजे दर्याबाईस वाटे कीं कोणी तरी दूर कोठें फुटकी सनई वाजवीत आहे. नगारजीच्या आईचा श्वास तर भाद्रपदांत असा कोंडला कीं तीन दिवस बसून काढिले आणि बसल्या जागींच प्राण गेला. लोक म्हणाले, वय जाहलें होतें. मग दसरा आला. दरबार भरला, चार राज्यांचे वकील बैसले, महाराज पडद्याआडून निघाले, आणि सुभानजीनें चोप टेकून ललकारी उचलली. निम्मीं बिरुदें जाहलीं आणि दम तुटला. त्यानें पुन्हा उचलली, पुन्हा तुटली, आणि मग सर्व सभेपुढें तो तोंड उघडून उभा राहिला आणि आंतून घरघरीशिवाय कांहीं निघेना. महाराज बिरुदांवांचून सिंहासनावर बैसले. एक वकील रुमालाआड हंसला. भिंतीमागें उभ्या दर्याबाईनें तें सर्व ऐकलें, आणि तिला वाटलें कीं भिंत आपल्याच अंगावर आली.

दुसरे दिवसापासून आळींत कुजबूज सुरू जाहली कीं चोपदार गांजा ओढतो, दम गांजानें गेला. वास्तविक सुभानजी जेवणानंतर तंबाखूची एक चिलीम ओढी, तीही उघड ओसरीवर बसून. गांज्यास त्यानें कधीं हात लाविला नव्हता. परंतु हुकूम निघाला कीं चोप दुसऱ्याकडे द्यावा. सुभानजीनें चोप पुसून ठेविला आणि म्हणाला, "नेऊं देत. ज्याला दम नाहीं त्यानें चोप धरूं नये." दर्याबाई म्हणाली, "चोप नेवोत, परंतु गांजेकस हें नांव कां नेऊं? दम या घरानें खाल्ला आहे. मी सांगणार." तो म्हणाला, "अगे, कोणास सांगशील? घर राजानें दिलेलें, बांधिलें पंतांनीं. आपण कोण?" ती म्हणाली, "आपण त्या घरांत राहणारे." आणि पदर खोचून ती तडक न्यायसभेंत गेली. न्यायाधीश नरहरशास्त्री हे काशींत पढलेले, अंगानें बारीक, बोलणें थोडकें, आणि त्यांची ख्याती अशी कीं स्वतःच्या मेहुण्याविरुद्ध त्यांनीं निवाडा दिला होता. दर्याबाईनें फिर्याद सांगितली. सभा चकित जाहली. चिंतोपंतांच्या वतीनें त्यांचे मुतालिक उठून म्हणाले कीं राजानें दिलेल्या घरास नांव ठेवणें म्हणजे राजास नांव ठेवणें, बाईस दिव्य करावयास लावावें, उकळत्या तेलांत हात घालूं दे, खरें असेल तर भाजणार नाहीं. शास्त्री म्हणाले, "तेलांत हात घातल्यानें हाताचा गुण कळेल. प्रश्न भिंतीच्या गुणाचा आहे." मग दर्याबाईकडे वळून बोलले, "बाई, फिर्याद खोटी ठरली तर चोपदारी पिढीजात जाईल आणि राज्याबाहेर जावें लागेल. फिर्यादी खुद्द सुभानजी असावा, तो कां बोलत नाहीं?" दर्याबाई म्हणाली, "शास्त्रीबोवा, त्याला बोलतां आलें असतें तर मी आलेंच नसतें." तेव्हां शास्त्र्यांनीं मान खालीं घातली आणि फिर्याद दाखल करून घेतली.

मग वाद जाहला. दर्याबाईनें भिंतीचा एक पोपडा पदरांत बांधून आणिला होता, काळ्या बुरशीनें मखमलीसारखा मऊ झालेला, तो सभेपुढें ठेविला आणि म्हणाली, "हा पाहा चोर." राजवैद्य गोविंदबोवा यांनीं सांगितलें कीं सुभानजीची प्रकृति कफाची, कफ वाढला, श्वास कोंडला, घराचा संबंध काय? दर्याबाई म्हणाली, "वैद्यबोवा, तळ्याकडल्या ओळींत नऊ घरें आणि सातांत खोकला. खडकाकडल्या ओळींतही नऊ घरें आणि एकाही घरांत नाहीं. विहीर एक, धान्य एका कोठारांतलें. मग कफाचे लोक काय निवडून निवडून एका ओळींत बसविले?" सभा हंसली, परंतु शास्त्री हंसले नाहींत. ते उठले आणि सर्वांस घेऊन त्या घरीं गेले, भिंतीस तळवा लाविला, कोपऱ्यांत वाकून वास घेतला, सुभानजीच्या पाठीस कान लाविला, आणि परत येऊन म्हणाले, "बुरशी आहे ती मीं पाहिली. घरघर आहे ती मीं ऐकली. परंतु बाई, बुरशीनेंच घरघर आणिली हें कोठें दिसलें? कावळा बैसला आणि फांदी मोडली, एवढ्यावरून कावळ्यास दंड करितां येत नाहीं." दर्याबाईस राग आला, तिला वाटलें, डोळ्यांनीं पाहून नाकानें हुंगून हा ब्राह्मण आणखी काय मागतो? परंतु शास्त्री पुढें म्हणाले, "कारण काढून घ्यावें आणि कार्य जातें कीं नाहीं पाहावें. सुभानजीनें पंधरवडाभर डोंगरावरील अंबेच्या देवळाच्या ओवरींत राहावें. तेथें खडक आहे, वारा आहे, ओल नाहीं. अन्न तेंच, चिलीम तीच, औषध नाहीं, दुसरें कांहीं बदलूं नये. दम सुधारला तर घरास जबाब द्यावा लागेल." हें ऐकून दर्याबाईचा राग गेला आणि तिनें मनांत म्हटलें, हा माणूस माझा शत्रु नव्हे, हा माझी गोष्ट माझ्यापेक्षां घट्ट बांधतो आहे.

मग सुभानजी देवळांत गेला. दर्याबाईनें हुकमाप्रमाणें सर्व जसेंच्या तसें दिलें, तेंच ताट, तीच चिलीम, तीच गोधडी. आणि पंधरवडा भरला, आणि राजवैद्यांनीं तपासलें, आणि घरघर तशीच होती. दिवसां थोडी उणी, रात्रीं पूर्ववत्. सभेंत चिंतोपंतांचे लोक एकमेकांस टाळी देऊं लागले. खुद्द पंत मात्र हंसले नाहींत, इतकेंच म्हणाले, "माझ्या भिंतीवरचा डाग पुसला गेला, मला एवढेंच पाहिजे होतें." शास्त्र्यांनीं निवाड्यास आठ दिवसांची मुदत दिली. दर्याबाई डोंगर चढून देवळांत गेली ती पाय ओढीत गेली. सुभानजी म्हणाला, "पुरे आतां. दुसऱ्या राज्यांत जाऊं, मोलमजुरी करूं." ती म्हणाली, "गेलों तर येथले म्हणतील, गांजेकस पळाला." तो म्हणाला, "म्हणोत. मला आतां राग करावयासही दम पुरत नाहीं." ती उठली आणि जाण्याची तयारी म्हणोन अंथरुणें उन्हांत झटकावयास खडकावर घेऊन गेली, आणि गोधडी खांद्यावर टाकितांच तिच्या नाकांत घराचा वास शिरला. तोच वास. तळ्याकडल्या ओळीचा, कोपऱ्याचा, देव्हाऱ्यांतल्या कापसाचा. ती तेथेंच खालीं बैसली, दांतांनीं टांके तोडले, आणि आंत जुन्या लुगड्यांचे थर उलगडले, तों थराथरांत काळे ठिपके भरले होते. घर सुटलें होतें, परंतु सुभानजी रोज रात्रीं तेंच घर अंगावर घेऊन निजत होता. दर्याबाई रडली आणि रडतां रडतां हंसली, आणि ती उसवलेली गोधडी काखेस मारून डोंगर उतरली.

सभेंत मुतालिक म्हणाले, "वाहवा! काल घर गुन्हेगार, आज गोधडी. उद्यां बाई म्हणेल चुलीनें दम खाल्ला. पारखा किती वेळां कराव्या?" शास्त्री विचारांत पडले, कारण हुकूम त्यांचाच होता कीं कांहीं बदलूं नये. तेव्हां राजवैद्य गोविंदबोवा आपण होऊन उठले. हे गृहस्थ दर्याबाईच्या विरुद्ध बोललेले. सर्वांस वाटलें, आतां शेवटचा घाव घालतील. परंतु ते म्हणाले, "मीं रोग्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि तो ज्यावर निजतो तें पाहिलें नाहीं. चूक बाईची नव्हे, पारख करणाऱ्यांची आहे. विष काढावें म्हटलें आणि पेला तोच ठेविला. पुन्हा करावी." यावर चिंतोपंत ताडकन् उठले. वयानें साठीचे, परंतु ताठ, चुन्यानें भाजलेले हात. म्हणाले, "करा. नवें अंथरूण मी देतों. आणि दुसरीही पारख करा. त्या घरांत पंधरवडा मी राहतों, माझ्या स्वच्छ अंथरुणावर, माझें अन्न खाऊन. मला कधीं खोकला नाहीं, माझी प्रकृति कफाची नाहीं, हें वैद्यबोवा जाणतात. मीं बांधिलेल्या भिंतीस मींच भ्यावें काय?" सभेंत धन्य धन्य जाहलें. दर्याबाईसही तो माणूस त्या क्षणीं आवडला, आणि त्याचबरोबर त्याच्यासाठीं भय वाटलें, कारण त्या घरांत निजणें म्हणजे काय हें तिला ठाऊक होतें, पंतांस नव्हतें.

मग शास्त्र्यांच्या हुकमानें सुभानजी देवळांत नव्या घोंगडीवर निजूं लागला, पंत त्या घरांत राहावयास गेले, आणि दर्याबाई खडकाकडल्या ओळींत शेजारणीकडे राहूं लागली. चार दिवसांनीं घरघर बारीक जाहली. आठवड्यानें तो देवळाच्या पायऱ्या न थांबतां चढला. आणि पुढें एके सकाळीं, कोणास न सांगतां, त्यानें खडकाच्या टोकावर उभें राहून ललकारी उचलली, ती डोंगर उतरून राजधानीच्या दरवाजावर आली. तेथील पाहारेकरी गडबडून भाले सरळ करून उभे राहिले, नगारजीनें टिपरी उचलली, आणि सर्व महाराजांच्या स्वारीची वाट पाहूं लागले, आणि स्वारी कांहीं येईना. ही गोष्ट शहरभर जाहली आणि लोक पोट धरून हंसले. दर्याबाई आळींतल्या विहिरीवर पाणी भरीत होती. तिनें घागर खालीं ठेविली, डोळे मिटले, आणि शेवटच्या सुरापर्यंत उभी राहिली. मग आनंदानें ती आपल्या जुन्या घराकडे गेली, कारण तिचें जातें तेथें राहिलें होतें तें आणावयाचें होतें. दार लोटलेलें होतें. हांक मारणार तों आंतून आवाज आला, आणि तिचे पाय थबकले. फुटकी सनई. तिनें दार ढकललें. चिंतोपंत भिंतीस टेकून बसले होते, ओठ निळसर, कपाळास घाम. दर्याबाई म्हणाली, "पंत, बाहेर या." पंत म्हणाले, "मुदत... भरली नाहीं. चार दिवस आहेत." ती म्हणाली, "मुदत जळो. बाहेर या." पंत हातानें नको म्हणाले, आणि श्वास जमवून बोलले, "वेडी आहेस. मी आतां उठलों तर माझेच लोक म्हणतील, पारख पुरी जाहली नाहीं, रद्द करा. तुझी फिर्याद बुडेल." तिनें चोपाचा विचार केला, गांजेकस या शब्दाचा केला, राज्याबाहेरच्या वाटेचा केला. मग म्हणाली, "बुडो. पलीकडच्या घरांत एक म्हातारी बसल्या बसल्या गेली, तिला कोणी बाहेर काढिलें नाहीं, मींही नाहीं. दुसरें मढें मला पुराव्याला नको." आणि तिनें राजाच्या इमारतखान्याच्या मुख्यास काखेंत हात घालून उठविलें, आणि ओसरीवरून उतरवून खडकाकडल्या ओळींत आणून उन्हांत बैसविलें, आणि राजवैद्यांस बोलावूं धाडिलें.

सभा भरली. जें पंत म्हणाले होते तेंच जाहलें, मुतालिक उठले आणि म्हणाले, "पंतांस थंडीचें पडसें जाहलें होतें, मुदतीआधीं बाईनें त्यांस ओढून बाहेर काढिलें, सबब पारख रद्द." शास्त्र्यांनीं दर्याबाईस विचारलें, "हें खरें काय?" ती म्हणाली, "ओढून काढिलें हें खरें." शास्त्री म्हणाले, "कां?" ती म्हणाली, "मरत होते म्हणून." तेव्हां चिंतोपंत उठले. आठ दिवस खडकावरील घरांत राहून ते बरे जाहले होते, आवाज स्वच्छ होता. मुतालिकांनीं त्यांचा अंगरखा धरून खालीं बसविण्याचा यत्न केला, तो त्यांनीं सोडविला आणि बोलले, "पडसें नव्हतें. त्या घरांत माझी छाती कोंडली, आणि त्या घराबाहेर ती सुटली. आणखी सांगतों, जें कोणी विचारलें नाहीं. तळें बुजविलें तेव्हां माती बसावयास दोन पावसाळे द्यावयाचे होते, आणि जोत्याखालीं दगडी भर पाहिजे होती. लग्नाची तिथी आली आणि मीं दोन्हींपैकीं कांहींच केलें नाहीं. पाणी खालीं तसेंच आहे आणि भिंती तें पीत आहेत. मला हें ठाऊक होतें. माणसें आजारी पडतील हें ठाऊक नव्हतें." मुतालिक मान घालून बैसले. सर्वांस वाटलें, संपलें. परंतु नरहरशास्त्री म्हणाले, "पंत, आपली सचोटी मोठी, परंतु ती बुरशीचा पुरावा नव्हे. एकदां जाहलें तें योगायोगही असेल." दर्याबाईनें कपाळावर हात मारून घेतला. सुभानजी पुढें येऊन म्हणाला, "मग मी पुन्हा त्या घरांत जातों." त्याचा आवाज सभेनें पुष्कळ दिवसांनीं ऐकला. दर्याबाई ओरडली, "नाहीं!" आणि पंतांनीं दोघांसही हातानें मागें सारलें आणि म्हणाले, "घर माझें, पारख माझी. वैद्यबोवा दाराशीं बसोत. पहिली घरघर ऐकतांच मी बाहेर येईन, तितकें शहाणपण मी शिकलों आहे." शास्त्री बोलले, "ऐसेंच व्हावें. खडकावरील घर त्याच कारागिरांनीं, त्याच चुन्यानें, त्याच मापानें बांधिलें. तेथें आठ दिवस राहून पंतांस कांहीं जाहलें नाहीं. भेद उरला तो ओलीचा आणि बुरशीचा."

मग चिंतोपंत पुन्हा त्या घरीं गेले. गोविंदबोवा ओसरीवर आसन घालून बैसले, आणि आळींतले लोक लांबून पाहूं लागले. पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्या दिवशीं सकाळीं राजवैद्यांनीं पंतांच्या पाठीस कान लाविला आणि शास्त्र्यांस हांक मारिली, आणि शास्त्र्यांनीं कान लाविला, आणि मग त्यांनीं हात धरून पंतांस स्वतः बाहेर आणिलें. तो हात त्यांनीं सभेपर्यंत सोडला नाहीं. तेथें निवाडा सांगितला तो ऐसा कीं, "जगांतला प्रत्येक दमा बुरशीनें होतो ऐसें ही सभा म्हणत नाहीं. परंतु या घरांत माणूस गेला कीं श्वास कोंडतो, निघाला कीं सुटतो, पुन्हा गेला कीं पुन्हा कोंडतो, आणि घर अंथरुणांतून पाठीशीं आलें तर बाहेर राहूनही सुटत नाहीं. दोन माणसांवर हें जाहलें, एक फिर्यादी आणि एक प्रतिवादी, आणि प्रतिवाद्यास तर खोटें बोलण्यांतच लाभ होता. सबब सुभानजी चोपदाराचा दम या घराच्या बुरशीनें नेला हें सिद्ध. गांज्याचा शब्द ज्यानें उच्चारिला त्यानें याच सभेंत येऊन तो परत घ्यावा. तळ्याकडली ओळ आजच रिकामी करावी." दर्याबाईनें खालीं वांकून जमिनीस हात लाविला. नगारजी सभेच्या दाराशीं उभा होता, तो तोंडावर उपरणें घेऊन हुंदके देऊं लागला, कारण आपली आई वयानें गेली नाहीं हें त्याला त्या दिवशीं कळलें. दर्याबाई त्याच्यापाशीं जाऊन उभी राहिली आणि सभा उठेपर्यंत तेथून हालली नाहीं.

निवाडा महाराजांच्या कानीं गेला. चिंतोपंतांनीं आपली मोहोर पायांशीं ठेविली. महाराज बोलले, "लग्नाची घाई आमची होती, तो दोष आमच्याकडे येऊं द्या. तुम्हीं तळें बुजविलें, सत्य बुजविलें नाहीं. मोहोर उचला आणि घरें पुन्हा बांधा." आणि आज्ञा जाहली कीं यापुढें बुजविलेल्या पाण्यावर कोणी माणसासाठीं घर बांधूं नये, आणि प्रजेनें घराची ओल सांगितली तर ती राजनिंदा समजूं नये. चोप सुभानजीच्या हातीं परत आला. तथापि लिहिणें तें खरें लिहिलें पाहिजे: त्याचा दम सोळा आणे परतला नाहीं. छातींत कांहीं तरी कायमचें आखूड जाहलें, आणि शेवटचें बिरुद येतां येतां श्वास संपूं लागे. हें महाराजांनीं दोन दरबारांत ऐकलें, आणि तिसऱ्या दरबाराआधीं सुभानजीस बोलावून म्हणाले, "आमचीं बिरुदें फार जाहलीं. शेवटचें गाळा." चिटणीस घाबरून म्हणाले कीं तें बिरुद थोरल्या महाराजांनीं लढाईंत मिळविलें आहे. महाराज बोलले, "त्यांनीं मिळविलें, आम्हीं खर्चिलें. चाकराच्या श्वासापेक्षां लांब नांव घेऊन काय करावें?" तेव्हांपासून ललकारी एका बिरुदानें आखूड जाहली, आणि सुभानजी ती एका दमांत पुरी करी, आणि परमुलखींच्या वकिलांनीं कारण विचारलें म्हणजे दरबारी लोक छाती काढून सांगत.

चिंतोपंतांनीं तीं नऊ घरें पाडून त्यांचे दगड धुऊन उन्हांत वाळविले, आणि खडकाच्या उतारावर नवीं नऊ घरें बांधिलीं, जोतें उंच, भिंतीखालीं दगडी भर, पाण्यास वाट. पहिलें घर सिद्ध जाहलें तेव्हां पंतांनीं स्वतः जाऊन दर्याबाईस बोलाविलें. सारी आळी जमली, शास्त्री आले, गोविंदबोवा आले. दर्याबाईनें आंत जाऊन चारी भिंतींवरून तळवा फिरविला, कोपऱ्यांत वांकली, वास घेतला, आणि बाहेर आली. पंतांनीं विचारलें, "मग बाई? राज्यांतल्या साऱ्या इमारतींचा हिशेब मी महाराजांस देतों, या एका घराचा तुला देतों. कसें आहे?" दर्याबाई म्हणाली, "सुंदर आहे, पंत. पावसाळा जाऊं द्या, मग सांगते." मंडळी हंसली, शास्त्री तर उपरणें तोंडाशीं धरून हंसले, त्यांना तसें हंसतांना कोणी पूर्वीं पाहिलें नव्हतें. पंत मात्र हंसले नाहींत. त्यांनीं मान डोलाविली, दारास कुलूप घातलें, किल्ली दर्याबाईच्या हातीं दिली, आणि पुरा पावसाळा वाट पाहिली.

तात्पर्य इतकेंच कीं, या राज्यांत चोपदाराच्या बायकोनें राजाच्या भिंतीवर फिर्याद केली, आणि न्यायाधीशानें ती सोपी होऊं दिली नाहीं, आणि ज्याच्यावर फिर्याद होती त्यानें आपली छाती पुराव्यास दिली. ऐसीं माणसें ज्या राज्यांत एके काळीं जन्मलीं, त्या राज्याचें नांव लिहावयाचें राहिलें तरी उणें नाहीं. हकीकत येथवर. वाचणारांच्या घरीं भिंती कोरड्या असोत.